डाळिंबाच्या गावाला जाऊन आलो (आणि काकांच्या कमेंटला उत्तर)

मागच्या आठवड्यात इथं एक फोटो टाकला होता. मागं स्पेनमधला अल्हंब्रा नावाचा लाल किल्ला, त्याच्या मागं डोंगर आणि पुढं मी आणि माझा रूममेट, दोघांची तोंडं झोप न झाल्यामुळं सुजलेली. त्याखाली भावकीतल्या एका काकांची कमेंट, "शिकायला गेलायस का फिरायला? बापाच्या डोक्यावर कर्ज आहे, विसरू नको." आणि त्याला सव्वीस लाईक! माझ्या ॲडमिशनच्या पोस्टला पण एवढे नव्हते राव. चार दिवस गप्प बसलो, पण ते काय डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहितोय, लांबणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ फोटो बघून जावं.

आधी हिशोब, कारण आपल्याकडं सगळं तिथंच येऊन थांबतं. मी जर्मनीत माग्डेबुर्गला मास्टर्स करतोय. इथं यायच्या आधी ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरून दाखवावे लागले आणि त्यातले महिन्याला ९९२ आपल्याला मिळतात, ते पैसे बँकेच्या कर्जातले, खरं आहे, अण्णांची, म्हणजे वडिलांची, सही त्याच्यावर आहे, मी विसरलेलो नाही आणि विसरणं शक्य पण नाही कारण रोज रात्री झोपताना तेच आठवतं. पण ट्रिपचा पैसा त्यातला नाही. मी पार्सलच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलतो, २०२५ ला किमान वेतन ताशी १२ युरो ८२ सेंट होतं. ट्रिपचा माझा खर्च असा: विमान जाऊन-येऊन ७८, बस २७, हॉस्टेलच्या दोन रात्री ४४, तिकीट बाराच्या वर थोडं आणि खाणंपिणं चाळीसच्या आत. झाले दोनशे. म्हणजे सोळा तास खोकी. काका, सोळा तास खोकी उचलून मी स्पेन बघून आलो, तुमच्या घरच्या पुढच्या लग्नातल्या आहेरात यातलं काही कमी होणार नाही.

तर झालं असं की ३१ ऑक्टोबरला आमच्या राज्यात सुट्टी असते. मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकानं १५१७ साली ज्या विटेनबर्गमध्ये आपलं म्हणणं चर्चच्या दारावर ठोकलं असं म्हणतात, ते विटेनबर्ग आमच्याच राज्यात येतं, त्यामुळं सुट्टी. बर्लिनवाल्यांना नाही, आम्हाला आहे, हे सांगताना उगाच छाती फुगते. २०२५ ला ती शुक्रवारी आली. रूममेट नाशिकचा, त्याला आम्ही नाशिककरच म्हणतो, त्यानं दोन महिने आधी रात्री दीडला मला उठवून सांगितलं की मालागाचं विमान स्वस्त दिसतंय, तिथून बसनं दोन तासावर ग्रॅनडा. मी अर्धवट झोपेत विचारलं ग्रॅनडा म्हणजे काय, तर त्यानं मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "स्पॅनिशमध्ये डाळिंब."

मी सांगोल्याचा आहे. आमच्या घरी साडेतीन एकर भगवा डाळिंब आहे. तेल्या रोगानं एकदा बाग काढून टाकायची पाळी आणली होती, नंतर खोडकिड्यानं, तरी अण्णांनी परत लावली. त्यामुळं डाळिंब नावाच्या शहराला मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. (नंतर कळलं की शहराचं जुनं अरबी नाव गर्नाता, डाळिंबाचा अर्थ मागनं चिकटलाय. पण तोपर्यंत तिकीट काढून झालं होतं.)

गुरुवारी रात्री सेमिस्टर तिकिटावर लोकल गाड्या बदलत बर्लिनच्या विमानतळावर जाऊन बाकड्यावर झोपलो. एक छोटी बॅग चालते, म्हणून अंगावर तीन टीशर्ट आणि जॅकेटच्या खिशात आईनं दिवाळीला पाठवलेली शेंगाचटणी. सिक्युरिटीच्या बाईनं पुडी उघडून वास घेतला, दोनदा शिंकली आणि जा म्हणाली.

मालागा ते ग्रॅनडा सगळ्या रस्त्यानं ऑलिव्हची झाडं. आपल्याकडं ऊस दिसतो तशी, टेकडीच्या टेकड्या, रांगेत. आणि गावात उतरलं की डाळिंबच डाळिंब. रस्त्याच्या कडेला गाड्या अडवायला जे लोखंडी खुंट असतात त्यांच्या डोक्यावर डाळिंब, गल्लीच्या नावाच्या फरशीवर निळं डाळिंब, गटाराच्या झाकणावर सुद्धा. स्पेनच्या राजमुद्रेत खालच्या टोकाला पण एक डाळिंब आहे, ते याच गावाचं. मी प्रत्येकाचा फोटो काढत होतो आणि नाशिककर वैतागून म्हणत होता, "अरे चल की, घरी साडेतीन एकर आहेत ना तुझ्या."

आता खरी चूक सांगतो. अल्हंब्रा (तिथले लोक ह उच्चारतच नाहीत, आलांब्रा म्हणतात) बघायला तिकीट नावावर असतं, पासपोर्ट नंबरसकट, आणि आतल्या नस्रिद सुलतानांच्या राजवाड्यांना ठरलेल्या वेळेलाच सोडतात. आम्ही विमान दोन महिने आधी काढलं आणि हे तिकीट पाच दिवस आधी बघायला गेलो. संपलेलं. शिल्लक होतं ते फक्त बागा, हेनेरालीफे आणि अल्काझाबा किल्ल्याचं. म्हणजे ते प्रसिद्ध बारा सिंहांचं कारंजं, ते नक्षीचे घुमट, जे सगळ्या रीलमध्ये असतं, ते आम्ही बघितलंच नाही. ही गोष्ट मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर सांगितल्यावर एकानं लिहिलं, "मग तुम्ही अल्हंब्रा बघितलाच नाही." त्याला माझं उत्तर असं आहे की तू बघितलास त्यात पाणी कुठून येतं ते सांग.

कारण मला तिथं राजवाड्यापेक्षा पाण्यानं वेड लावलं. गोमेरेसचा चढ चढून गेलं की एक दगडी कमान लागते, तिच्या माथ्यावर तीन डाळिंबं कोरलेली (हो, परत), आणि तिथून पुढं झाडीतनं रस्ता वर जातो, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूला बारक्या दगडी चऱ्यांतून पाणी खळाखळा खाली पळतंय. वर टेकडी, खाली दारो नदी. मग टेकडीच्या डोक्यावर पाणी आलं कुठून? मी चालायचा थांबलो. नाशिककरला वाटलं पाय मुरगळला.

तर १२३८ च्या सुमाराला पहिल्या मुहम्मद सुलतानानं इथं बांधकाम काढलं तेव्हा दारो नदीच्या वरच्या अंगाला, साधारण सहा किलोमीटर मागं जाऊन, नदीचं पाणी वळवलं आणि डोंगराच्या कडेकडेनं अगदी हलका उतार देत पाट आणला. आसेकिया रेआल, म्हणजे शाही पाट. आसेकिया हा शब्दच मुळात अरबी. नदी खाली उतरत जाते आणि पाट वरच्या वर राहतो, आणि टेकडीपाशी येईपर्यंत पाट नदीच्या कितीतरी वर. मोटर नाही, लाईट रात्री दोनला येते म्हणून बॅटरी घेऊन शेतात जायची भानगड नाही, नुसता उतार. आपल्याकडं संभाजीनगरची पाणचक्की बघायला शाळेची सहल गेली होती तेव्हा मास्तरांनी असंच काहीतरी सांगितलं होतं, पण तेव्हा आमचं लक्ष डब्याकडं होतं.

हेनेरालीफे ही सुलतानांची उन्हाळ्यातली बाग. इंग्रजी स्पेलिंग वाचून नाशिककर सगळा वेळ त्याला जनरल लाईफ म्हणत होता, जसं काय तिथं पॉलिसी काढून मिळते. त्या नावातला पहिला तुकडा म्हणजे आपल्या ओळखीचा 'जन्नत'. तिथल्या भाजीपाल्याच्या वाफ्यांत अजून पीक घेतात. आणि सगळ्यात वर एक जिना आहे, पाण्याचा जिना. दोन्ही बाजूला कठडे, आणि त्या कठड्यांच्या माथ्यावर, जिथं आपण हात ठेवून चढतो ना, तिथं कौलं उलटी बसवून पन्हळ केलेत आणि त्यातून पाणी वाहतंय. उलटी कौलं! आपल्या जुन्या घरावर असतात तसली, फक्त पालथी घालायच्या ऐवजी उताणी. मी त्यात हात घातला. थंडगार. पाणी बोटांना अडून दोन्ही बाजूनं वर चढलं आणि मनगटावरून बाहीत शिरलं. सातेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी गवंडी बसून या पन्हळीला उतार देत होता, आणि तो बरोबर होता. मी तिथं किती वेळ उभा होतो माहीत नाही, मागनं एका टूर ग्रुपच्या गाईडबाईनं छत्री हलवून बाजूला व्हायला सांगितलं.

तिथंच बागेत डाळिंबाची झाडं दिसली. फळं उललेली, दाणे बाहेर. नाशिककर म्हणाला किती सुंदर दिसतंय. मी म्हणालो याला पाणी कमीजास्त झालंय. एवढ्या पाण्याच्या गावात! मला का कोण जाणे जरा बरंच वाटलं.

जेवणाचं सांगतो पटकन. ग्रॅनडात अजून एक चांगली पद्धत आहे, बारमध्ये काहीही प्यायला घेतलं की सोबत एक बशी खायला फुकट. काय प्यायलो ते लिहीत नाही, काका वाचतायत. नाशिककर शुद्ध शाकाहारी, त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, मांस नको, तर त्यांनी मोठ्या आनंदानं टूना मासा आणून दिला. दुसऱ्या वेळी हॅमचे तुकडे घातलेली मटकीसारखी काहीतरी उसळ. दोन्ही बशा माझ्या वाट्याला आल्या, माझी तक्रार नाही. शेवटी पैसे देऊन वांग्याचे तळलेले काप मागवले, वरून काळपट मध ओतलेला. एक घास खाल्ला आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. काकवी! मध म्हणतात पण तो उसाचा, अरबांनीच कधीकाळी इथल्या किनाऱ्यावर ऊस आणला होता. वांग्याची भजी आणि काकवी, हे कॉम्बिनेशन आईला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, "ताप बीप आलाय का?"

शनिवारी एक नोव्हेंबर, त्यांचा सर्व संतांचा सण, दुकानं बंद. पाव तेवढा मिळाला. मग मोठ्या चौकात पुतळ्याखाली बसून पाव आणि शेंगाचटणी. पुतळा इसाबेल राणीचा आणि तिच्यापुढं कोलंबस. २ जानेवारी १४९२ ला शेवटच्या सुलतानानं, बोआब्दिलनं, हे गाव इसाबेल आणि फर्नांदोच्या ताब्यात दिलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथंच जवळ सांता फेला कोलंबसाच्या प्रवासाचा करार झाला. आता बघा, मिरची अमेरिकेतली. शेंगदाणा पण अमेरिकेतला. तो करार झाला नसता तर सोलापूरची शेंगाचटणी कशाची केली असती? लसणाची आणि मिठाची? नाशिककर म्हणाला त्या माणसानं तिकडं जाऊन काय काय केलं ते पण आठव. आठवलं. जे घडलं ते वाईटच होतं, आणि चटणी हातात होती, दोन्ही खरं.

परत येताना बसमध्ये फोनवर वाचत होतो तर अजून एक सापडलं. ग्रॅनडाच्या मागच्या सिएरा नेवादा डोंगरात (मुलासेन शिखर ३,४७९ मीटर) जुने पाट आहेत जे शेतात जातच नाहीत, बर्फ वितळलेलं पाणी मुद्दाम उतारावर पसरून जमिनीत मुरवतात आणि काही महिन्यांनी ते खालच्या झऱ्यांना येतं. तिथले लोक त्याला पाणी पेरणं म्हणतात. पाणी पेरणं! आपल्या एसटी स्टँडच्या भिंतीवर पाणी अडवा पाणी जिरवा लिहिलेलं वाचत मी मोठा झालो. मधल्या काळात माणसं गाव सोडून गेली आणि पाट बुजले, आता विद्यापीठातली माणसं आणि गावकरी मिळून फावडी घेऊन ते परत उकरतायत. मी शिकतो ते वॉटर इंजिनिअरिंग, काका. दोन सेमिस्टर ग्रॅव्हिटी फ्लोची गणितं सोडवली, पण उतार म्हणजे काय ते हात भिजल्यावर कळलं. फिरायला गेलो होतो का शिकायला, तुम्हीच ठरवा, आणि सव्वीस जणांना पण विचारा.

रविवारी मालागाच्या विमानतळावरून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं होतं तेही तेच विचारतील, किती पैसे गेले. मी जिन्याचा व्हिडिओ पाठवला होता तो त्यांनी बघितलेला. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसता कुत्र्याचा भुंकण्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "कौलाला कौल कसं जोडलंय रं? चुन्यात का काय? जोडातनं गळत न्हाई व्हय?"

मोबाईलमध्ये चारशे बारा फोटो आहेत. खुंटावरच्या डाळिंबांचेच एकोणीस. जोडाचा एक पण नाही. कुणी ग्रॅनडाला जाणार असेल तर प्लीज, पाण्याच्या जिन्यावर उजव्या हाताच्या कठड्याचा जवळून एक फोटो काढून पाठवा, दोन कौलं जिथं मिळतात तिथला. अण्णा रोज विचारतायत.