तेर्स, जपमाळ आणि फेरीतला श्वास

चोडणहून रायबंदरला जायच्या सकाळच्या फेरीबोटीत चढले की गेलं दीड वर्ष मी फोन पर्समध्ये टाकते, कठड्याला टेकते आणि धक्का येईपर्यंत नुसता श्वास बघत राहते. आत येतोय, बाहेर जातोय. इंजिनाची घरघर असते, डिझेलचा वास असतो, काठ यायच्या आधीच स्कूटरवाले गाड्या सुरू करून ठेवतात. तरी जमतं. काही दिवस जमत नाही, तेव्हाही मी तेच करते.

परवा ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, "ध्यान शिकायला मांद्र्याच्या त्या शिबिरात जाऊ का गो? पैसे बरेच लागतात." तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहिते. आपल्या गोव्यात ध्यान म्हणजे किनाऱ्यावर पाहुण्यांनी करायची गोष्ट, असं आपण मनाशी धरून बसलोय. मला ते अजिबात पटत नाही.

आईच्या आजारपणात माझी झोप उडाली होती. रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं, उशीवर डोकं टेकलं की कानात ठोके ऐकू यायचे. बीपी 150/96 निघालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, रोज थोडा वेळ शांत बसून संथ श्वास घ्या. गोळी मी त्याच दिवशी सुरू केली. बसायला मात्र महिना लावला. आणि बसले की आईचा रिपोर्ट, गॅसचा नंबर, मार्चअखेरची बिलं, सगळं एकदम अंगावर यायचं. मन रिकामं करायचं असतं असं ऐकलेलं, ते होईना, म्हणून हे आपलं काम नव्हे असं ठरवून मी उठायचे.

हा गैरसमज कितीजणांना ध्यानापासून लांब ठेवत असेल! मन भटकणारच. ते भटकलंय हे लक्षात येणं आणि न रागावता परत श्वासाकडे येणं, व्यायाम तो एवढाच. दहा मिनिटांत पन्नास वेळा भटकलात तर पन्नास वेळा परत आलात.

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात हेच शिकवायला सुरुवात केली. तिथे येणाऱ्यांत अशी माणसं होती की ज्यांचं जुनाट दुखणं नेहमीच्या उपचारांनी हटत नव्हतं. बौद्ध साधना आणि हठयोग यांतून त्यांनी आठ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला. 2022 मध्ये चिंतेच्या विकारांचा त्रास असलेल्या 276 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना हा कार्यक्रम, निम्म्यांना एस्सिटालोप्राम ही गोळी. आठ आठवड्यांनंतर कार्यक्रम गोळीपेक्षा उणा ठरला नाही. पण ती माणसं घरी रोज 45 मिनिटं सराव करत होती, हेही लक्षात ठेवायला हवं. माझ्या फेरीतल्या काही मिनिटांकडून मी तेवढी अपेक्षा ठेवत नाही. म्हणून संध्याकाळी वीस मिनिटं वेगळी बसते.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मात्र इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांचा 2001 सालचा प्रयोग. 23 निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधून मारियेची प्रार्थना म्हणायला लावली, एकदा 'ओम मणि पद्मे हुम्'. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी आपण बसल्याजागी बारा ते वीस श्वास घेतो. सहाच्या लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा मेळ चांगला बसतो, रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर होते.

हे वाचलं तेव्हा मला आमची संध्याकाळ आठवली. आजी दिवा लावून तुळशीची माळ घेऊन बसायची. त्याच सुमाराला शेजारच्या आंटीकडे तेर्स, म्हणजे मारियेच्या प्रार्थनेचा ख्रिस्ती जप, सुरू व्हायचा. एकानं 'नमान मारिये' म्हणायचं, बाकीच्यांनी उरलेलं पुरं करायचं. म्हणजे अर्धा वेळ म्हणायचं, अर्धा वेळ ऐकायचं, श्वासाला आपोआप लांबी मिळणार. कोकणीतला तेर्स किंवा आजीचा जप कुणी यंत्र लावून मोजला नव्हता, पण आजीचा तो संथपणा मी शेजारी बसून पाहिलाय. ती तिची भक्ती होती, औषध म्हणून ती कधी बसली नाही. शरीराला त्यातून विसावा मिळत होता, एवढंच माझं म्हणणं.

मनगटावर बोट ठेवून बघा. श्वास सावकाश सोडताना नाडी किंचित मंदावते, घेताना जराशी वाढते. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते.

आता जे कळकळीनं सांगायचंय ते. गोळ्या बंद करू नका. ओळखीतल्या एकानं शिबिराहून आल्यावर बीपीची गोळी सोडली आणि दोन महिन्यांत त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2017 मध्ये ध्यानाचा विचार करायला हरकत नाही म्हटलं, तेही नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून. माझंही बीपी आता बरं आहे, ते गोळी, चालणं आणि बसणं या तिन्हींमुळे. झोप मात्र बसण्यानं परत आली असं मला मनापासून वाटतं. आणि डोळे मिटून बसल्यावर कुणाचा जीव जास्तच घाबरा होत असेल, जुनं काही भयंकर वर येत असेल, तर जोर करून बसू नये. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो. तिथे जाण्यात लाज कसली?

मैत्रिणीला म्हटलं, पैसे भरण्याआधी आठवडाभर आमच्याकडे ये. आई आता बरी आहे, दिवेलागणीला आजीचीच माळ घेऊन बसते, मी तिच्या शेजारी. सोमवारी ऑफिस सुटल्यावर माझ्याबरोबरच येतेय ती, फेरीनं.