नुसतं अपलोड तर करायचंय

दुकान ऑनलाइन न्यायचं ठरलं, वेबसाइटवाल्याला ॲडव्हान्स देऊन झाला, लोगोतली मिरची उभी हवी की आडवी यावर घरात पुरेसं भांडून झालं, की एक किरकोळ काम उरतं. माल साइटवर चढवणं. यादी एक्सेलमध्ये आहेच, ती उचलायची आणि टाकायची. या कामासाठी वेळ, पैसा आणि माणूस यांतलं काहीही राखून ठेवू नका. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा धरा, नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर आमंत्रणं धाडा आणि यादी आदल्या संध्याकाळी सातला, कॉम्प्युटरचं काम बघायला डोंबिवलीहून येणाऱ्या मुलीच्या हातात ठेवा. तिने तोंड उघडायच्या आत म्हणा, "अगं, नुसतं अपलोड तर करायचंय."

समजा तुमचं दुकान लालबागला आहे, मसाल्याचं. एप्रिल-मेमध्ये बेडगी, संकेश्वरी, पांडी घ्यायला पार विरार-बदलापूरहून बायका येतात. देठं खुडतात, मिरची भाजून घेतात आणि समोर उभं राहून डंकावर कुटून नेतात. ऐन सीझनला गल्ल्यावरून उठून रकाने कोण तपासणार? तुमचं अगदी बरोबर आहे. शिवाय सगळा भाव तुमच्या तोंडावर आहे, आणि जे तोंडावर आहे ते कागदावर नीट असायची गरज काय?

यादी एकहाती नसावी, तिच्यात घराण्याचा सहभाग दिसला पाहिजे. थोरल्याने भाव लिहावा "३२०/-", धाकट्याने "रु. ३२०", भाच्याने "३२० फक्त" आणि वडिलांनी मराठी बाण्याने मराठी आकड्यांत. आपल्याला चारही वाचता येतात. साइटला मात्र भावाच्या रकान्यात निखळ आकडा लागतो, बाकी काही दिसलं तर एखादं सॉफ्टवेअर ओळ नाकारतं आणि एखादं चकार शब्द न काढता शून्य धरतं. नाकारणारं सॉफ्टवेअर आगाऊ समजा. शून्य धरणारं समजूतदार असतं, ते उद्घाटनात व्यत्यय आणत नाही.

आता रंग. एक्सेलमध्ये रंगाची बादली दिली आहे ती काही उगाच नाही. बंद झालेला माल पिवळा करा, फक्त सीझनला मिळणारा हिरवा, भाव वाढणार असेल तो गुलाबी, आणि दोन ओळी निळ्या ठेवा, ज्यांचा अर्थ फक्त दिवाणजींना ठाऊक. दिवाणजी निवृत्त होऊन कणकवलीकडे गेले आहेत आणि त्यांच्या वाडीत रेंज नाही, हे त्यातलं सौंदर्य. ही फाइल साइटवर जाताना सीएसव्ही होते, म्हणजे निव्वळ अक्षरं आणि स्वल्पविराम. रंग एकही सोबत जात नाही. पिवळ्या ओळींतला, कधीच बंद झालेला कांदा-लसूण मसाला पुन्हा विक्रीला उभा राहतो. ज्या ओळी तुम्ही लपवून ठेवल्या होत्या त्याही उजळ माथ्याने बाहेर येतात. आणि भावांचा स्वतंत्र शीट केला असेल तर तो जागीच राहतो, कारण सीएसव्हीत फक्त समोर उघडा असलेला शीट उतरतो. मुलगी विचारेल, "काका, पिवळं म्हणजे काय?" तिला सांगा, "तू आधी टाक तर."

सेल एकत्र करणं विसरू नका. "मालवणी मसाला" हे नाव चार ओळींच्या उंचीचा एक देखणा सेल करून मधोमध लिहा आणि शेजारी चार वजनं एकाखाली एक मांडा. प्रिंटला काय सुरेख दिसतं! सीएसव्हीत नाव पहिल्या ओळीला मिळतं, उरलेल्या तीन ओळी बेवारस. त्यांना ना नाव, ना आईबाप, फक्त भाव.

वजनं लिहिताना ग्रॅम वगैरे शाळकरी प्रकार करू नका. आपल्याकडे गिऱ्हाईक अर्धा किलो म्हणतं, पाव किलो म्हणतं. तेव्हा सरळ १/२ लिहा, १/४ लिहा. एंटर दाबल्याबरोबर एक्सेल त्याची तारीख करील. अर्धा किलो म्हणजे १ फेब्रुवारी, पाव किलो म्हणजे १ एप्रिल, पाऊण किलो ३ एप्रिल. साइटवर गिऱ्हाइकाला रांगेने पर्याय दिसतील: मालवणी मसाला, ०१-फेब. मालवणी मसाला, ०१-एप्रि. गिरगावातून एखाद्या काकूंचा फोन येईल, "अहो, फेब्रुवारीला कशाला, मला या रविवारी हवाय." त्यांना समजवण्यात तुमची दुपार छान जाईल.

यात कमीपणा वाटून घेऊ नका, मोठ्या मोठ्या लोकांनी यापुढे हात टेकले आहेत. माणसाच्या काही जनुकांची आखूड नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती आणि संशोधकांच्या तक्त्यांत एक्सेल इमानेइतबारे त्यांच्या तारखा करत होतं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलने आपली सवय बंद करण्याचं बटण २०२३ मध्ये दिलं, तेही सेटिंगच्या पोटात. तुम्ही ते शोधू नका. रकाना आधी "टेक्स्ट" करून मग लिहिलं की हा सगळा घोळ होत नाही, हेही त्या मुलीला बोलू देऊ नका. तिला काय, कोर्स करून आली आहे.

आकड्यांच्या बाबतीत एक्सेल काटकसरी आहे, अगदी आपल्या स्वभावाचं. पुढचं शून्य त्याला फुकटचं वाटतं. मिरीपूड, मिरचीपूड यांचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी लागणारा मालाचा कोड, ०९०४ ने सुरू होतो, हळदीचा ०९१० ने. एक्सेल त्यांना ९०४ आणि ९१० करून टाकतं आणि जीएसटीचं बिल त्याच थाटात छापलं जातं. सीएला कामं हवीतच. बारकोडची तर कहाणीच वेगळी. ८९० ने सुरू होणारा तो १३ आकडी बारकोड रकान्यात मावला नाही की ८.९ई+१२ असा दिसतो, सीएसव्हीत तसाच उतरतो, आणि परत उघडला की ८९ च्या मागे नुसती शून्यं. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सगळ्यांचा बारकोड एकच. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकण्याचा, १४ आकडी परवाना क्रमांकही त्याच वाटेने जातो.

फाइल सेव्ह करताना एक्सेल तीन-चार प्रकारची सीएसव्ही दाखवतं. त्यात एकापुढे यूटीएफ-८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते टाळा, नावच परकं आहे. साधी, जुनी सीएसव्ही घ्या. तिच्यात देवनागरीला जागा नाही, म्हणून प्रत्येक अक्षरचिन्हामागे एक प्रश्नचिन्ह उमटतं. हळद, धने, ओवा, मीठ ही सगळी तीन-तीन प्रश्नचिन्हांची, जिरे चार. वर्गवारी आपोआप होते, आणखी काय हवं? मराठी बाणा ज्यांनी आकड्यांत दाखवला होता त्यांना ही पाटी आवर्जून दाखवा.

देवनागरी वाचली तर दुसरी सोय आहे. "ॲगमार्क मसाले" हा विभाग दोघांना टाइप करायला द्या. एकाच्या कीबोर्डवर ॲ हे एकच चिन्ह असतं, दुसरा अ काढून त्यावर चंद्र ठेवतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, साइटच्या लेखी दोन वेगळे शब्द. मेनूत "ॲगमार्क मसाले" आणि त्याखाली पुन्हा "अॅगमार्क मसाले" उभे राहतात, अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे. तासभर टक लावून बघा, फरक सापडणार नाही. तुमच्या भाच्याने शब्दाच्या शेवटी एक स्पेस सोडली असेल तर तिसराही विभाग निघू शकेल. मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणात हा एकच घोळ असा आहे की ज्यासाठी मी कुणालाही शिव्या देणार नाही. बाकी सगळ्यांना देईन.

फोटोंचं थोडक्यात. फोटोच्या रकान्यात जगात कुणालाही उघडता येईल अशी चित्राची थेट लिंक लागते. तुम्ही तिथे "रविकडे आहेत" असं लिहा. रविने ड्राइव्हची लिंक पाठवली तर तीच चिकटवा. ती चित्राची नसून चित्र दाखवणाऱ्या पानाची असते आणि वर परवानगी मागते, त्यामुळे साइटवर चौकोन रिकामे राहतात. रिकामे चौकोन आजकाल मिनिमल म्हणून खपतात.

एवढं होऊनही मुलगी म्हणेल की आधी पाचच ओळी टाकून बघू या, माल "ड्राफ्ट"मध्ये ठेवू या, आणि साइटवर आता जे आहे त्याची एक प्रत काढून घेऊ या. तिन्ही गोष्टींना नकार द्या. पाच ओळींची चाचणी म्हणजे अविश्वास. ड्राफ्ट म्हणजे भित्रेपणा. आणि जुनी प्रत ठेवायची ती आपण चुकणार असं गृहीत धरणाऱ्यांनी. सगळ्या ओळी एकदम, थेट विक्रीला. रात्रीचे नऊ वाजलेत, तिची लोकल तिची ती बघेल.

सकाळी घोळ उघडकीला आला की डगमगू नका. दुरुस्त यादी पुन्हा अपलोड करा. मात्र जुन्या मालाची ओळख पटवणारा कोड, ज्याला ही मंडळी एसकेयू म्हणतात, तो रकाना रिकामा असू द्या. मग साइटला कळतच नाही की ही तीच हळद आहे. ती दुसरी हळद उघडते. तिसऱ्यांदा टाकलीत की तिसरी. कोड भरलाच, तर वर्णनाचा रकाना शीर्षकासकट ठेवा आणि खाली मोकळा सोडा. काही साइट्स त्या मोकळ्या जागेचा मान राखून, तुमच्या सौभाग्यवतींनी रात्री जागून लिहिलेली वर्णनं पुसून टाकतात. हे त्यांना जेवणं झाल्यावर सांगा. मागे फिरण्याचं बटण शोधू नका, ते नसतं. हवं तर सगळा माल डिलीट करून नव्याने सुरुवात करा, म्हणजे ज्या लिंका तुम्ही नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाठवल्या होत्या त्या बहुधा सगळ्या एकसमान मरतील.

आणि हो, शेवटचा हात मात्र तुमचा स्वतःचा हवा. फाइल तयार झाली की ती नोटपॅडमध्ये उघडा आणि मालक या नात्याने एखादी किंमत स्वतः दुरुस्त करा. केशराची छोटी डबी घ्या. भाव लिहा १,२५०, हजाराच्या मागे स्वल्पविराम देऊन, चौथीत शिकवल्याप्रमाणे. त्या ओळीत भावानंतर साठा आहे ४० आणि मग वजन. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे रकाना संपला. त्यामुळे भाव झाला १ रुपया, साठा झाला २५०, आणि ४० सरकून वजनात जाऊन बसले. साइटचं वजन किलोत आहे. केशराची एक डबी, एक रुपया, चाळीस किलो. त्याच्या खालच्या ओळीत "मसाल्याचा डबा १०"" असं इंचासाठी अवतरणचिन्ह दिलंत तर आणखी बहार. २००५ च्या आरएफसी ४१८० नावाच्या टिपणात हे चिन्ह कसं लिहायचं ते सांगितलं आहे, पण ते वाचायला वेळ कुणाला आहे? काही प्रोग्रॅम त्या चिन्हापासून पुढचं सगळं, पुढच्या चिन्हापर्यंत, एकाच रकान्यात कोंबतात आणि मधला माल त्यात गडप होतो. पण डब्याचं सोडा, केशराकडे लक्ष द्या.

कारण पहिली ऑर्डर केशराची येणार. रात्री एक वाजता, तुमच्या मेहुण्याची. वीस डब्या, एकूण वीस रुपये, यूपीआयने भरलेले. घरपोच नाही, "दुकानातून नेईन" असं निवडलेलं, कारण घरपोचला साइट परळपर्यंत ८०० किलोचा डिलिव्हरी चार्ज सांगत होती. सकाळी शटर वर जायच्या आत तो पिशवी घेऊन उभा असेल. "भावोजी, कन्फर्मचा मेसेज आलाय," असं म्हणून मोबाइल पुढे करील.

तिथे वाद घालू नका. भवानीची ऑर्डर आहे, परत फिरवत नाहीत. वीस डब्या मोजून द्या आणि मग मुलीला हाक मारा. दुकानात केशर उरलं वीस डब्या, साइटवर दिसतंय दोनशे तीस. तिला म्हणा, "एवढंच जरा बघ, फार काही नाहीये."