फवारणाऱ्या गड्याच्या फुप्फुसाचं काय?
विषशास्त्रज्ञ ओबरडॉर्स्टर यांच्या नॅनोकणांवरच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिबारीक कणांवरच्या कामाचा तुमचा लेख दोनदा वाचला, फार गरजेचा विषय घेतलात. उंदरांवरचा तो टिटॅनियम डायऑक्साईडचा (रंगात वापरतात ती पांढरी पूड) प्रयोग लय महत्त्वाचा आहे, पदार्थ तोच, वजन तेवढंच, पण 20 नॅनोमीटरच्या कणांनी फुप्फुसाला 250 वाल्यांपेक्षा कितीतरी जास्त सूज आणली, म्हणजे नुसतं किती मिलिग्रॅम आत गेलं एवढं बघून भागत नाही, कण किती बारीक आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग किती हे बघायला लागतं. आमच्या तासगाव भागात हे कुणी सांगत नाही ओ. नॅनो युरियाची, म्हणजे अतिबारीक कणांच्या पातळ युरिया खताची, अर्ध्या लिटरची बाटली 2021 ला निघाली, आता ऊसवाले द्राक्षवाले दोघंही फवारतात. युरिया पाण्यात विरघळतो, टिटॅनियमसारखा नाही, उगाच भीती घालायची नाही मला. पण ब्लोअरचा, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या पंख्याच्या फवारणी यंत्राचा फवारा धुक्यासारखा उडतो आणि ट्रॅक्टरवरच्या गड्याच्या तोंडाला नुसता रुमाल, तोही औषधानं भिजलेला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2020 ला नॅनो निविष्ठा (खतं, औषधं) तपासायची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यातलं फवारणाऱ्या माणसाच्या कामाचं काय ते सोप्या मराठीत लिहा सर, बागायतदारांच्या ग्रुपवर मी टाकतो.