नेपोलियनला बर्फाने हरवलं नाही

व्हॉट्सॲपच्या गटांवर, त्यातही स्पर्धा परीक्षेच्या गटांवर, एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: नेपोलियन गरीब घरात जन्मला, उंचीने बुटका होता, तरी निव्वळ जिद्दीवर सम्राट झाला, रणांगणात त्याला एकही माणूस हरवू शकला नाही, रशियात बर्फाने आणि वॉटर्लूला पावसाने घात केला, नाहीतर सगळा युरोप त्याचाच होता. हा मजकूर मुलं पाठ करतात, भाषणात वापरतात. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

उंचीचा विषय चटकन संपणारा आहे. त्याची नोंदलेली उंची 5 फूट 2 इंच, पण ती जुन्या फ्रेंच मापाने. तो इंच आजच्या इंचापेक्षा मोठा होता. सेंटीमीटरमध्ये ती 168च्या आसपास भरते, म्हणजे आपला साडेपाच फूट. त्या काळच्या फ्रान्समध्ये असा माणूस बुटका नव्हता. बुटका नेपोलियन रंगवला तो जेम्स गिलरेसारख्या इंग्रज व्यंगचित्रकारांनी, आणि शत्रूने काढलेलं ते चित्रच जगाच्या डोक्यात बसलं.

गरिबीचं म्हणाल तर वडील कार्लो बोनापार्ट कॉर्सिकातले वकील होते आणि घराणं सरदारकीचा दाखला असलेलं होतं. लहानग्या नेपोलियनला ब्रिएनच्या लष्करी शाळेत राजाच्या खर्चाने जागा मिळाली, तीही घराण्याच्या चार पिढ्यांची खानदानी सिद्ध केल्यावर. पैशांची ओढाताण होती, हे मान्य. पण खऱ्या गरिबाच्या पोराला त्या शाळेचं दार उघडलंच नसतं. पुढे 1789ची क्रांती झाली, सरदार घराण्यांतले अधिकारी देश सोडून पळाले आणि सैन्यात वरच्या जागा भराभर रिकाम्या झाल्या. 1793मध्ये तुलाँच्या वेढ्यात त्याने तोफा कुठे मांडायच्या ते अचूक हेरलं आणि चोविसाव्या वर्षी तो ब्रिगेडियर जनरल झाला. त्याच्या बुद्धीबद्दल शंकाच नाही. पण ती बुद्धी चमकायला मैदान क्रांतीने मोकळं करून दिलं.

‘कधीच हरला नाही’ हे तर सरळ खोटं आहे. इजिप्तच्या मोहिमेवर असताना 1799मध्ये आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावरच्या अक्रा शहराला त्याने दोन महिने वेढा घातला आणि हात हलवत परत फिरला. त्याच ऑगस्टमध्ये सैन्य इजिप्तमध्येच सोडून तो गुपचूप फ्रान्सला निघाला. मे 1809मध्ये व्हिएन्नाजवळ आस्पर्न-एसलिंगला ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सने त्याला डॅन्यूबवरून मागे रेटलं. लान हा त्याचा जिवलग सेनापती तिथेच प्राणघातक जखमी झाला. फॉरवर्डमध्ये हैतीचं नावही नसतं. 1801च्या अखेरीस नेपोलियनने हैती या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीवर आपल्या मेहुण्याला फौज देऊन पाठवलं आणि 1802मध्ये वसाहतींमधली गुलामगिरी कायद्याने पुन्हा चालू केली. डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराने ती फौज पोखरली हे खरं, पण नोव्हेंबर 1803मध्ये व्हेर्तिएरला तिचा पराभव केला तो कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसांनी. त्यांचं श्रेय डासांच्या खात्यावर टाकणं मला सहन होत नाही. स्पेनमध्येही तेच. 1808पासून तिथल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांनी गनिमी काव्याने फ्रेंचांना सहा वर्षं दम घेऊ दिला नाही.

आता 1812ची रशियाची मोहीम. शार्ल मिनार या फ्रेंच इंजिनिअरने 1869मध्ये या मोहिमेचा एक नकाशा काढला. सैन्य दाखवणारा पट्टा रशियाच्या सरहद्दीवरच्या नेमान नदीवर रुंद सुरू होतो, तिथला आकडा 4,22,000. मॉस्कोला पोचेपर्यंत तो बारीक होत 1,00,000वर येतो. काही तुकड्या वाटेत राखणीला ठेवल्या होत्या, काही दुसऱ्या दिशेला गेल्या होत्या, हे धरूनही गळती भयंकर आहे. आणि तारखा बघा: नेमान ओलांडली 24 जूनला, मॉस्कोत शिरला 14 सप्टेंबरला. बर्फाचा पत्ताच नाही. माणसं मेली ती उन्हाने, हगवणीने, टायफसने आणि उपासमारीने. रसदीच्या गाड्या मागे राहिल्या, कच्चा हिरवा चारा खाऊन हजारो घोडी मेली. त्यात 7 सप्टेंबरला बोरोदिनोच्या लढाईत एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 70,000 माणसं मेली किंवा जखमी झाली.

मॉस्को जळालं, झार अलेक्झांडर तहाचं उत्तर देईना, आणि नेपोलियन तिथे पाच आठवडे वाट बघत बसला. 19 ऑक्टोबरला निघाला तेव्हा त्याला दक्षिणेच्या, अजून न लुटलेल्या मुलखातून जायचं होतं. 24 ऑक्टोबरला मालोयारोस्लावेत्सच्या लढाईनंतर रशियन सेनापती कुतुझोव्हची फौज आडवी आली आणि येताना ओरबाडून ठेवलेल्याच वाटेवर त्याला परतावं लागलं. हा पेच रशियन सेनेने टाकला होता. खरा बर्फ पडला तो नोव्हेंबरात.

थंडीने हजारो बळी घेतले, ते कोण नाकारेल? पण ती काही अचानक आलेली आपत्ती नव्हती. पीटर्सबर्गला राजदूत राहिलेल्या कोलँकूरने त्याला 1811मध्येच तोंडावर सांगितलं होतं की झार मागे हटत राहील आणि लढायचं काम देशाच्या अंतराला आणि हवेला करू देईल. नेपोलियनने ऐकलं नाही. घोड्यांना बर्फावर चालणारे नालसुद्धा ठोकले नव्हते. उतारावर घोडी घसरून पडत आणि तोफा तिथेच सोडाव्या लागत.

नोव्हेंबरअखेरीस बेरेझिना नदीवर तर उलटच झालं. थंडी ओसरली होती, म्हणून नदीचा बर्फ वितळला आणि सैन्य अडकलं. कडाक्याची थंडी असती तर ते गोठलेल्या पात्रावरून चालत गेलं असतं. पुलाचं सामान नेपोलियनच्याच हुकमाने आधी जाळलं होतं. जनरल एब्लेने लोहाराच्या भट्ट्या आणि कोळसा तेवढा वाचवून ठेवला होता. त्याच्या माणसांनी घरं पाडून लाकूड आणलं, छातीभर पाण्यात उभं राहून पूल बांधले, तुटले की पुन्हा पाण्यात उतरले. त्यांतले बहुतेक पुढे जगले नाहीत. सम्राट पलीकडे गेला तो त्या पुलांवरून. प्रेरणादायी मजकूर लिहिणाऱ्यांना हे लोक कधी आठवत नाहीत.

रशियानंतर फॉरवर्ड थेट वॉटर्लूवर उडी मारतं आणि ऑक्टोबर 1813ची लाइपझिगची लढाई गाळतं. चार दिवसांच्या त्या लढाईत रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि स्वीडनने मिळून त्याला समोरासमोर हरवलं. त्या पराभवानंतरही ऱ्हाइन, आल्प्स आणि पिरेनीज या सीमांचा फ्रान्स राखून तह करायची तयारी मित्रराष्ट्रांनी नोव्हेंबरमध्ये दाखवली होती. त्याने वेळेवर होकार दिला नाही, आणि मार्च 1814अखेर पॅरिस पडलं.

त्याची गादी गेली, पण 1815मध्ये तो हद्दपारीतून परत येऊन पुन्हा सत्तेवर बसला. राहिला वॉटर्लूचा पाऊस. 17 जून 1815ला तो धो धो पडला, दुसऱ्या दिवशी चिखलामुळे लढाई उशिरा सुरू झाली. पण चिखल काय फक्त फ्रेंचांच्या वाट्याला आला? दोनच दिवसांपूर्वी लिन्यीला हरलेला, घोड्याखाली सापडलेला, सत्तरी ओलांडलेला प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर त्याच चिखलातून आपले प्रशियन घेऊन वेळेत पोचला. समोर ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन होता, म्हणजे 1803मध्ये आपल्या जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. तिथे वाटाडे नदीला उतार नाही म्हणत असताना, समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली म्हणजे उतार असणारच, हे त्याने ओळखलं होतं. जमीन वाचायची तीच नजर वॉटर्लूला कामी आली: फौजेचा मोठा भाग त्याने टेकाडाच्या पाठीमागे, फ्रेंच तोफांच्या नजरेआड ठेवला.

आणि समजा, पाऊस पडला नसता, नेपोलियन ती लढाई जिंकला असता. तरी मार्चमध्येच व्हिएन्नाला ब्रिटन, ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशिया या चारही सत्तांनी प्रत्येकी दीड लाख सैन्य उतरवायचा करार केला होता, आणि ऑस्ट्रिया-रशियाच्या फौजा ऱ्हाइनच्या दिशेने निघाल्या होत्या.