बांध जुना, लहान आणि झाडांनी बांधलेला, म्हणून निर्धास्त?

शेतातल्या खासगी मातीच्या बांधांबद्दल एक निरोप जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहान बांधापासून धोका नसतो, पंचवीस-तीस वर्षं टिकला की तो कायमचा बसला, थोडाफार पाझर चालतोच, भरावावर झाडं लावा म्हणजे मुळं माती धरतील, आणि सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, फळ्या ठोकल्या की फुकटात साठा वाढतो. यातली शेवटची सूचना जिवावर बेतू शकते, म्हणून हे उत्तर.

आधी लहान आकाराबद्दल. एक हेक्टर तळं, सरासरी दोन मीटर खोली, म्हणजे २०,००० घनमीटर पाणी. वजन २०,००० टन. धोका बांधाच्या उंचीवर ठरत नाही, त्याच्या खाली कोण राहतं, कुठला रस्ता जातो यावर ठरतो.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं लॉन लेक धरण पाहा. शेतकऱ्यांनी सिंचनासाठी १९०३ साली बांधलेलं, मातीचं, उंची जेमतेम ८ मीटर. १५ जुलै १९८२ रोजी ते फुटलं आणि तीन माणसं गेली. ७९ वर्षं टिकलेल्या बांधात विमोचकाचा, म्हणजे तळ्यातलं पाणी सोडण्याचा, नळ आणि झडप यांच्या सांध्यातलं शिशाचं भरण खराब झालं होतं. तिथून दाबाखालचं पाणी भरावात शिरलं आणि आतून माती धुऊन नेत राहिलं. माती बसते हे खरं, पण नळ गंजतो, सांधे उघडतात. म्हणून झडप पूर्ण बंद असताना नळातून पाणी येतं का, नळाच्या बाहेरून कडेकडेने ओल आहे का आणि नळाच्या रेषेत माथ्यावर खळगा पडला आहे का, हे पाहायलाच हवं.

पाझराबद्दल निरोपात अर्धं सत्य आहे. प्रत्येक मातीचा बांध थोडा पाझरतो. प्रश्न पाणी स्वच्छ आहे का आणि वाढतंय का, एवढाच. पायथ्याचं पाणी चर काढून एका जागी आणा, खाली १० लिटरची बादली धरा आणि घड्याळ लावा. ४० सेकंदांत भरली तर सेकंदाला पाव लिटर. तळ्याची पातळीही त्याच ओळीत लिहा, कारण तुलना सारख्याच पातळीची करायची असते. मग काचेच्या पेल्यात पाणी भरून ठेवा. तळाशी माती बसली तर बांध आतून पोखरला जातोय. अशा वेळी लोक पाणी येतं ते तोंड चिकणमातीने बुजवतात. ही मोठी चूक, कारण आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. तिथे आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर खडी, वर दगड असा थर द्या. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. सोबत तळं उतरवायला घ्या आणि खालच्या लोकांना कळवा. एरवी दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका, नाहीतर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. गढूळ पाणी वाढतच असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवावा लागतो.

झाडं नकोतच. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. वादळात उन्मळलं तर भरावाचा लचकाच जातो. गवत ठेवा, तेही कापलेलं, म्हणजे बिळं आणि ओल दिसते.

आता फळ्या. समजा सांडवा १० मीटर रुंद आहे आणि पुरात त्यावरून १ मीटर जाडीचं पाणी जाऊ शकतं. तेव्हा सेकंदाला साधारण १७ घनमीटर पाणी निघतं. अर्ध्या मीटरच्या फळ्या ठोकल्या की उरतात अवघे ६, कारण प्रवाह खोलीच्या दीडाव्या घाताने घटतो. वाहून आलेला पालापाचोळा अडकला की तेही नाहीत. मग पाणी माथ्यावर जिथे भराव सगळ्यात जास्त दबला आहे तिथून ओसंडतं. तळ्याच्या उलट बाजूच्या उतारावर आधी गवत सोलतं, मग पायरीएवढा कडा तयार होतो आणि तो कडा तळ्याकडे सरकत माथा खातो. फळ्या आधीच ठोकल्या असतील तर तळं भरण्यापूर्वी काढा, पुरात पाण्याच्या दाबाखाली त्या हलत नाहीत. साठा वाढवायचाच असेल तर आधी अभियंत्याकडून भराव आणि सांडवा दोन्हींचा हिशेब करून घ्या.