पाई-फेक पूर्ण बघा, तुकडा नको

लॉरेल-हार्डी या जुन्या विनोदी जोडीची ती पाई (क्रीम भरलेला केकसारखा पदार्थ) फेकाफेकी मोबाईलवर कापून दाखवतात ना, ती बघून 'हॅ, यात काय हसायचं' म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट. बरोबरच आहे तुमचं, तुकड्यात हसू येतच नाही.

पिक्चर 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी', 1927 चा मूकपट, दोनच रिळांचा. दुसरं रीळ कितीतरी वर्षं पूर्ण असं कुणी बघितलंच नव्हतं, 1957 ला रॉबर्ट यंगसननं जुन्या कॉमेड्या जोडून एक पिक्चर काढला त्यात घेतलेला तुकडा तेवढा शिल्लक, आणि सगळी कीर्ती त्या तुकड्यावर. मग 2015 ला जॉन मिर्सालिस म्हणून एक संग्राहक आहे, मूकपटांना पियानोची साथ पण करतो, त्याच्याकडच्या डब्यांत अख्खं दुसरं रीळ निघालं. हौशी माणसाच्या साठ्यातनं!

आता ते पूर्ण बघा. हार्डीनं स्टॅनचा, म्हणजे लॉरेलचा, अपघात विमा काढलाय, तो पडावा म्हणून केळ्याचं साल टाकतो आणि घसरतो कोण तर पाईवाला. तो उठतो, प्रकार ध्यानात येतो आणि हार्डीच्या तोंडावर एक पाई. घाई कुणालाच नाही. ज्याला बसते तो तोंड पुसणार, कुणी मारली बघणार, चालत पाईच्या गाडीपाशी जाणार, पाई उचलणार, आणि ती लागणार भलत्यालाच. दाताच्या डॉक्टरकडं आ करून बसलेल्याला पण सुट्टी नाही. अनिता गार्विन तर पाईवर बसकण मारते, उठते आणि काही झालंच नाही अशी पाय झटकत निघून जाते, कडक बाई! तीन हजारांवर पाई लागल्या म्हणतात, पण मजा आकड्यात नाय ओ, त्या थांबण्यात आहे, आणि कात्री पहिली तिथंच चालते.

आपल्या सांगलीत हे समजावून सांगायला नको खरं तर. कवलापूरच्या काळू-बाळू या तमाशातल्या जोडीचे हवालदार ज्यांनी तंबूत बघितलेत त्यांना विचारा, वडील अजून सांगतात की डायलॉगच्या आधीच पब्लिक हसायचं. त्याचं तीस सेकंदाचं रील करून बघा, काय उरतंय.

फाळक्यांनी पण 'मोहिनी भस्मासुर'सोबत दाखवायला 'पिठाचे पंजे' असा छोटा विनोदी पट केला होता, तो आता नाहीच. आणि लॉरेल-हार्डीच्या त्या पिक्चरचंही सगळं सापडलेलं नाही बरं का, विमा काढतानाचा सीन अजून गायब, तिथं फोटो आणि पाट्यांवर भागवतात.

आपल्याकडं 2019 च्या पुरात कुणाच्या घरात काय काय भिजलं त्याचा हिशोबच नाही. ज्यांच्या माळ्यावर जत्रेतल्या फडाच्या कॅसेटी, रिळं, हँडबिलं अजून कोरडी असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका, मला मेसेज करा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मिरज, विटा, तासगाव, कुठंही.