बँडवरच्या कॅलरी ताटात वाढून घेऊ नका

नवं वर्ष लागलं की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा माझ्या फोनवर तो चार ग्रुपांतून आला. मजकूर थोडक्यात असा: फिटनेस बँड हृदयाचे ठोके मोजतो, म्हणून त्यावरचा कॅलरीचा आकडा शास्त्रीय असतो. १०,००० पावलं चाललात की ५०० कॅलरी जळतात. बँड जेवढ्या दाखवेल तेवढं त्या दिवशी जास्त खाल्लं तरी वजन वाढत नाही. स्वस्तातले बँड फसवे, अचूक आकडा हवा तर वीस-तीस हजारांचं घड्याळ घ्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत: रोज ३०० कॅलरींचं टार्गेट पूर्ण झाल्याशिवाय घरी परतू नका.

हा शेवटचा सल्ला गेल्या मे महिन्यात माझ्या आईने मनावर घेतला होता. म्हणून हे लिहायला बसले.

आई ६८ वर्षांची. सकाळी आम्ही दोघी शिवाजी पार्कला कट्ट्याच्या कडेने फेऱ्या मारतो, एकाच वेगाने, गप्पा मारत. मेसेज वाचून तिने बँड हवा म्हणून धरलं, तेव्हा मी एकाच मॉडेलचे दोन आणले, एक तिला, एक मला. पहिल्याच दिवशी तीन फेऱ्यांनंतर माझ्या बँडवर २१२ कॅलरी आणि तिच्यावर ९६. आमच्या वजनात सहा किलोंचा फरक. एवढ्याशा फरकाने आकडा निम्म्याच्याही खाली जात नाही. पण आईला वाटलं, आपणच कमी पडतोय. दोन दिवसांनी मला ऑफिसला लवकर निघायचं होतं, ती एकटी गेली. सहाव्या फेरीनंतर डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून कट्ट्यावर बसली. रोज चालायला येणाऱ्या एका काकांनी तिला नारळपाणी दिलं आणि मला फोन केला. मी धावत पोचले, तर ती मनगट पुढे करून म्हणते, "अगं, अजून १९०च झाल्यात."

आता मेसेजमधला पहिला मुद्दा घ्या: ठोके मोजतो म्हणून कॅलरी खऱ्या. बँड उलटा करून बघा, मागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो आणि या चढउतारावरून बँड ठोके मोजतो. इथवर ठीक आहे. पण कॅलरी ही ठोक्यांची गोष्टच नाही, ती ऑक्सिजनची आहे. शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ किलोकॅलरी (बोलताना आपण त्यालाच नुसतं कॅलरी म्हणतो) खर्च होतात. ते मोजायला प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून श्वास तपासावा लागतो. मनगटावरच्या बँडपाशी त्यातलं काही नाही. ठोके, हाताची हालचाल आणि आपण ॲपमध्ये भरलेलं वय, वजन, उंची यांवरून तो अंदाज बांधतो.

त्यामुळे मेहनत तीच राहून ठोके बदलले, की अंदाज कोसळतो. आई ब्लड प्रेशरसाठी जी गोळी घेते, ती बीटा-ब्लॉकर गटातली, ठोके हळू करणारी. बँडला गोळी ठाऊक नाही. ठोके कमी दिसले की बाई निवांत आहेत असं तो धरतो. माझं उलटं. मे महिन्यात सकाळी सातलाच मुंबईत अंगाला घामाच्या धारा लागतात, शरीर थंड ठेवायला हृदय जोरात धावतं, आणि बँडला वाटतं मी फार मेहनत करतेय. त्याच तीन फेऱ्या जानेवारीत मारल्या, तेव्हा तोच बँड १६० च्या आसपास थांबला. मी तीच, पार्क तोच, वेगही तोच. आईला तो कमी दाखवत होता, मला जास्त, आणि मेसेजप्रमाणे आम्ही दोघींनी त्यावर दिवसाचं जेवण ठरवायचं होतं.

हे आमच्या दोघींपुरतं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली ६० जणांच्या मनगटांवर सात वेगवेगळी उपकरणं बांधून त्यांना चालायला, पळायला आणि सायकल मारायला लावलं. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सगळ्यांत बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के, सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. सावळ्या त्वचेवर आणि जास्त वजनाच्या लोकांत चूक वाढत होती, हेही त्यात दिसलं. आपल्याकडच्या किती जणांना ते लागू होतं, ते ट्रेनच्या कुठल्याही डब्यात नजर फिरवली तरी कळेल.

महागडं घड्याळ घ्या म्हणणाऱ्यांना उत्तरही इथेच आहे. त्या सातांत ॲपल वॉच होतं, सॅमसंगचं गिअर एस२ होतं. हे काही दीड-दोन हजारांचे बँड नव्हते. तेव्हापासून सेन्सर सुधारले आहेत, हे मान्य. पण शरीराने किती ऑक्सिजन वापरला ते मनगटावरून मोजता येत नाही तोवर अंदाज अंदाजच राहणार, २,००० चा असो की ३०,००० चा. महाग घड्याळात स्वतःचा जीपीएस मिळतो, पडदा चांगला मिळतो. त्यासाठी पैसे घालायचे तर खुशाल घाला. नेमक्या कॅलरी मिळतील म्हणून मात्र घालू नका. आणि परवडणारा बँड घेतला म्हणून कोणी फसलं, असंही समजू नका. २०१५ मध्ये शाओमीचा पहिला एमआय बँड आपल्याकडे ९९९ रुपयांना आला, तेव्हा त्यात ठोके मोजायची सोयच नव्हती. आज दोन-अडीच हजारांत दिवसभर ठोके मोजणारा बँड मिळतो, ही साध्या घरांसाठी खरंच चांगली गोष्ट आहे.

१०,००० पावलांचा आकडा कुठून आला, तर जपानमधून. १९६५ साली तिथे एक पाऊलमापक विकायला काढला, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. टोकियो ऑलिंपिक नुकतंच झालं होतं, नाव लोकांच्या तोंडी बसलं. आता ५०० कॅलरींचा हिशेब. साध्या वेगाने चालताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण ०.७ कॅलरी खर्च होते. ५५ किलोच्या बाईची १०,००० पावलं म्हणजे साडेसहा किलोमीटर, म्हणजे २५० कॅलरी. ८५ किलोचा उंच माणूस ४००-४३० पर्यंत जाईल. सगळ्यांना ५०० वाटून टाकायच्या कशा?

आणि मुळात पावलं तरी पावलं असतात का? एका रविवारी आई पुरणपोळ्या लाटत होती आणि तिचा बँड मनगटावरच होता. पिठी झटकून तिने बघितलं, तर ओट्यापासून न हलता ४१२ पावलं. त्याच संध्याकाळी मी दादरच्या भाजी मार्केटमधून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन घरी आले. हात हलत नव्हते, तर बँडने चालण्यातलं निम्मंही धरलं नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो खाण्याचा मुद्दा. ६० किलोच्या माणसाला तासभर चालल्यावर बँडने २१० कॅलरी दाखवल्या, तर त्यातल्या निदान ६० तो घरी पडून राहिला असता तरी जळल्याच असत्या. जास्तीच्या उरल्या फार तर १५०. वडापाव एकच, पण साधारण ३०० चा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची दिवसाची गरज १,६६० कॅलरी धरली आहे. आपली रोजची उठबस तीत आलेलीच असते. बँडवरचा दिवसाचा एकूण आकडा त्यावर परत चढवला तर तेच पैसे दोनदा मोजल्यासारखं होतं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०१६ च्या पाहणीत ४७१ तरुण दोन वर्षं वजन उतरवत होते. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सगळ्यांनाच होतं. ज्यांना शिवाय उपकरण दिलं त्यांचं सरासरी ३.५ किलो उतरलं, ज्यांना दिलं नाही त्यांचं ५.९ किलो. कारण त्यात सिद्ध झालेलं नाही, पण "बँड लावा आणि खा" म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे जरूर वाचावेत.

मग घ्यायचा झाला तर बघायचं काय? मी आता मैत्रिणींबरोबर दुकानात जाते तेव्हा आधी पट्टा बघते. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर तो घट्ट, पण न रुतता बसायला हवा. सैल बसला की प्रकाश आत शिरतो, घामाने बँड सरकतो आणि ठोके चुकतात. तसाच पट्टा पुढे सुटा मिळतो का, तेही विचारून घ्यायचं, कारण मुंबईच्या दमट हवेत पहिला खराब होणार तोच. ठोके सलग मोजायची सोय हवी, दर दहा मिनिटांनी एकदा मोजणारा व्यायामाच्या कामाचा नाही. वजन कधीही बदलता यायला हवं. चालणं, पळणं, सायकल असे वेगळे मोड हवेत. आईसारख्यांसाठी आकडे मोठे आणि उन्हात दिसणारे हवेत, हे दुकानाबाहेर फुटपाथवर येऊन बघावं, आतल्या दिव्यांत सगळेच चकाकतात. मग मानेशी बोट ठेवून ३० सेकंद ठोके मोजायचे, दुप्पट करून बँडशी ताडून बघायचे. १०० पावलं स्वतः मोजत चालायचं. या दोन परीक्षांत जो पास होतो तो घ्यायचा, डब्यावर किती फीचर्स छापलीत ते राहू द्या. व्यायामशाळेत वजनं उचलणाऱ्यांनी मात्र मनगटावर फार विसंबू नये. मूठ आवळली की मनगटातले ठोके नीट पकडले जात नाहीत, छातीवर बांधायचा ठोके मोजणारा पट्टा त्याहून खरा.

राहिलं ते ३०० चं टार्गेट. आईच्या डॉक्टरांनी तिला आकड्याऐवजी श्वास बघायला सांगितलं: चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि मिनिटं मोजायला बँड अगदी चोख आहे. त्यात गोळीचा, उन्हाचा, वजनाचा प्रश्नच येत नाही. मी आईच्या बँडवरून कॅलरीचा पडदा काढून मिनिटांचा लावून दिला. तिच्या तीन फेऱ्या होतात, थंडीत कधी चार. तो मेसेज परवा तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा तिने स्वतः खाली लिहिलं, "गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा गं."